मिलिमीटर आणि धुकं पांघरलेलं घड्याळ

चादर अर्धीच पिळून झाली होती. एक टोक वहिनींच्या हातात, दुसरं त्यांच्या यजमानांच्या हातात, आणि मधे दुहेरी चादरीला असा पीळ बसलेला की अजून दोन वेढे दिले असते तर थेंब राहिला नसता. तेवढ्यात खाली बेल वाजली आणि यजमानांनी आपलं टोक चक्क सोडून दिलं. पीळ गरगरत उलटा सुटला, ओल्या चादरीचा सपकारा वहिनींच्या पोटावर बसला आणि बादलीभर पाणी त्यांच्या पायांवरून गॅलरीभर पसरलं.

"अहो!"

"आली, आली!" जिन्यावरून आवाज आला.

"कोण आली?"

"नवी सून!"

वहिनी ओल्याचिंब तशाच उभ्या राहिल्या. त्यांना मुलगा नव्हता. एकच लेक, तीही लग्न होऊन दूर गेलेली. सून येण्याची काही सोय देवाने या घरात केली नव्हती. पण वहिनी घाबरल्या नाहीत. चौतीस वर्षांच्या संसारात त्यांना कळून चुकलं होतं, की या माणसाच्या तोंडी थोरली, मधली, धाकटी अशी नावं आली की ती माणसांची नसतात, घड्याळांची असतात.

यजमान चष्मेवाले. चौकातल्या दुकानाच्या गाळ्यात बसून दिवसभर लोकांचे डोळे तपासायचे. पण सगळं गाव त्यांना मिलिमीटर म्हणायचं, आणि ते नाव त्यांनी स्वतःच्या कर्तबगारीने मिळवलं होतं. एका बड्या कंपनीच्या एका घड्याळावर त्यांचा जीव जडलेला. साठ वर्षांपूर्वी निघालेलं, चौतीस मिलिमीटरचं, पापडासारखं पातळ, सायीच्या रंगाची तबकडी, दोन काटे, बस्स. सेकंदकाटासुद्धा नाही. ती थोरली. अर्ध्या आयुष्याची हौस मारून त्यांनी ती जुन्या बाजारातून मिळवली होती, आणि ती त्यांच्याकडची एकुलती एक. बाकीच्या बहिणींची त्यांच्याकडे फक्त कात्रणं होती आणि राग होता.

कारण कंपनीला स्वस्थ बसवेना. दर पंधराएक वर्षांनी ती थोरलीचं रूप बदलून नवं घड्याळ काढायची. मधलीला तारखेची खिडकी पाडली. "चांगल्या भिंतीला मांजराच्या येण्याजाण्यासाठी भोक पाडावं तसं," मिलिमीटर म्हणायचे. धाकटी अडतीसची झाली आणि तिला सेकंदकाटा आला. शेंडेफळ तर बेचाळीसचं, जाडजूड, किल्लीच्या दोन्ही बाजूंना पोलादी खांदे. ते पाहिलं तेव्हा मिलिमीटर दोन दिवस जेवले नव्हते. वहिनींनी साबणदाणी घासताना "ही तुमच्या शेंडेफळासारखी दिसते हो" असं सहज म्हटलं, तर ते चिडण्याऐवजी गहिवरले. आपलं दुःख कुणाला तरी कळलं!

कंपनीचं म्हणणं होतं की आजच्या माणसाचं मनगट मोठं झालंय. झालं! त्या दिवसापासून चष्मा करायला येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाचं मनगट मोजणं सुरू झालं. दोन बुबुळांमधलं अंतर मोजायची पट्टी त्यांच्या हातात असायचीच. तिनेच मनगट.

"काका, मला जवळचं दिसत नाही."

"दिसेल. आधी डावा हात पुढे करा."

तीनशे बारा मनगटं मोजून त्यांनी निष्कर्ष काढला की मनगट आजोबांच्या काळात होतं तेवढंच आहे, वाढलाय तो कंपनीचा आगाऊपणा. हा निष्कर्ष त्यांनी कंपनीला सहा पत्रांतून कळवला. कंपनीने एकदा उत्तर म्हणून दिनदर्शिका पाठवली. ती भिंतीवर लावायला त्यांनी नकार दिला, कारण तिचाही आकार मागच्या वर्षीपेक्षा मोठा होता.

पण त्यांचं म्हणणं अगदीच वाऱ्यावरचं नव्हतं. वहिनींना घड्याळातलं ओ की ठो कळत नसे, तरी एक वाक्य त्यांना पटलं होतं. "थोरली घडवणाऱ्याने आधी काय घालायचं नाही ते ठरवलं," मिलिमीटर म्हणायचे, "आणि पुढच्यांना एकच प्रश्न पडला, आता आणखी काय घालू? घड्याळ वेळ दाखवायला असतं गं. घड्याळ दाखवायला नसतं." वहिनी रोज पहाटे प्रार्थनेला बसत, आणि प्रार्थनेतही माणसाची हीच गत होते हे त्यांना ठाऊक होतं. सुरुवात दोन ओळींनी होते, आणि वाढत वाढत तिला खिडक्या फुटतात, खांदे येतात, शेवटी देवाला त्यात उभं राहायला जागा उरत नाही.

तर आता कंपनीने साठाव्या वर्षी जाहीर केलं होतं की नवं घड्याळ पुन्हा थोरलीच्या वळणावर जाणार. म्हणून ही नवी सून. आणि शोरूमच्या मालकांनी ते सोमवारपर्यंत मिलिमीटरांकडे बघायला पाठवलं होतं, कारण मिलिमीटर 'टिकटिक'मध्ये लिहायचे.

'टिकटिक' म्हणजे गावातल्या घड्याळप्रेमी मंडळाचं चार पानी मासिक. बावीस सभासद, चाळीस प्रती. चौथ्या पानावर मिलिमीटरांचं सदर, 'मनगटावरून', सतरा वर्षं अखंड. वहिनी त्या सदराची थट्टा करत, पण त्याचं मोल जाणून होत्या. हा माणूस जन्मभर दुसऱ्यांना म्हणत आला, वरची ओळ वाचा, आता खालची वाचा. त्याचं स्वतःचं कुणी वाचतं ते महिन्यातून एकदा, चौथ्या पानावर. आणि त्या रविवारी नेमकं मतदान होतं. सदर मिलिमीटरांकडेच ठेवायचं की दातांच्या डॉक्टरांना द्यायचं.

हे दातांचे डॉक्टर तिशीतले, गोरेगोमटे, हातात बशीएवढं घड्याळ. त्यांना सगळं नवं आवडायचं. मंडळात अर्धेअधिक लोक त्यांचे रुग्ण होते, आणि ज्याच्या हातात आपली दाढ आहे त्याच्याविरुद्ध हात वर करायला कुणाचा हात उचलतो? मिलिमीटर वरवर "जाऊ दे गं, सुटेन एकदाचा" म्हणत, आणि झोपेत शुद्ध भाषेत संपादकीय बडबडत.

गुरुवारी, म्हणजे चादर सुटली त्याच दिवशी, सुनेची डबी घरात आली. मिलिमीटरांनी पांढरे सुती हातमोजे चढवले. घड्याळाला उघडं बोट लावायचं नाही, हा त्यांचा धर्म. बोटाला घाम असतो, घामाला मीठ असतं, मिठाने पोलाद रुसतं. मग डोळ्याला भिंग लावून ते सूनमुख बघत बसले. पाठीवरचा निळा कागद त्यांनी हातमोज्यानेच अलगद काढला. सदतीस मिलिमीटर. खिडकी नाही. सेकंदकाटा नाही. खांदे नाहीत.

"मग? झालं ना समाधान?" वहिनी म्हणाल्या.

मिलिमीटरांनी घड्याळ खिडकीकडे तिरकं धरलं. मग म्हणाले, "उजेड नाही गं."

"दिवा लावू?"

"खोलीत नाही. हिच्यात. तोंडावर एक मंदपणा आहे. धुकं आहे."

वहिनींनी लांबूनच वाकून पाहिलं. होतं खरं काहीतरी, दुधाचं भांडं नुसतं विसळून ठेवल्यासारखं. "असेल बाई नवी पद्धत," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवशी सासूबाईंना मीही मंदच वाटले होते."

शुक्रवारी संध्याकाळी तिघे सून बघायला आले. मासिकाचे संपादक भूगोलसर, दातांचे डॉक्टर आणि घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा. घड्याळ उशीवर ठेवलेलं, बाजूला हातमोज्यांच्या जोड्या.

आजोबांनी सरळ हात पुढे केला. "द्या बघू इकडे."

"आधी हातमोजे," मिलिमीटर म्हणाले.

"साठ वर्षं उघड्या हातांनी घड्याळं खोलतोय. आता काय हातमोजे घालून आंघोळ करू?"

"माझ्या जबाबदारीवर आहे हो, आजोबा."

"मग राहू द्या. हात लावल्याशिवाय मी मत देत नाही. वहिनी, चहा आहे का?" आणि आजोबा चहाला लागले.

बाकी दोघांनी हातमोजे घालून घड्याळ या कुशीवरून त्या कुशीवर केलं.

"धुकं दिसतंय," भूगोलसर म्हणाले. "डोंगरपायथ्याशी पहाटे असतं तसं."

"दिसतंय ना?" मिलिमीटर उसळले. "साठ वर्षांनी घराण्याच्या वळणावर आली, आणि आली ती तोंड मळवून! चकाकी मारून टाकलीय कंपनीने. जाणूनबुजून!"

"माफ करा काका," डॉक्टर मानेला हलकासा झटका देत म्हणाले, "पण हे धुकं हाच तर या घड्याळाचा प्राण आहे. वेळ कधी लख्ख असते का? ती धूसर असते. कंपनीला ते आज कळलं. मला तर धुक्यापलीकडे काही आवडलंच नाही."

"वेळ धूसर असते? मग दात काढायची वेळ कशी देता हो रुग्णाला? साडेचारच्या आसपास धुक्यात या, म्हणून?"

"काका, तुम्ही मागेच राहिलात."

"मागे नाही, चौतीसवर राहिलोय!"

दोन तास काथ्याकूट झाला. जाताना जिन्यातही धुकं चालूच होतं. डॉक्टरांनी तर खालच्या पायरीवरून जाहीर केलं की आपण हे घड्याळ घेणारच, आणि घेणार ते याच धुक्यासाठी. आजोबा तेवढे वहिनींना म्हणाले, "बिस्किटं छान होती."

शनिवारी दुपारी सदर लिहून झालं. मिलिमीटरांनी ते वहिनींना उभ्याने वाचून दाखवलं. मथळा, 'धुक्यातली सून'. त्यात एक वाक्य असं होतं: 'पोलादाची कांती आजारातून उठलेल्या माणसासारखी, आणि काचेआडून काटे असे दिसतात जणू शेजाऱ्याच्या घरातली भांडणं.' वहिनी हसल्या. मिलिमीटर म्हणाले, "हसण्यासारखं नाही, भेदक आहे." आणि ते भूगोलसरांकडे देऊन आले. रविवारी अकराला सभा आणि मतदान, संध्याकाळी पाचला मजकूर छापखान्यात. असा सगळा बेत.

रविवारी सकाळी प्रार्थना आटोपून वहिनी बैठकीच्या खोलीत फडकं मारत होत्या. मिलिमीटर आत दाढी करत होते. उशीवर सून पडलेली. तिच्या काचेच्या कडेला हातमोज्याचा एक बारीकसा सुती धागा अडकलेला. वहिनींना धर्म माहीत होता. पण धूळ, धागा, केस दिसला की त्यांचं बोट त्यांना विचारत नसे. त्यांनी नखाने तो धागा उचलला.

धागा आला. त्याच्याबरोबर काचही आली.

निदान वहिनींना तसं वाटलं. घड्याळाच्या तोंडावरून काहीतरी गोल, पातळ, अलगद सुटून नखाला लटकलं.   "देवा रे," त्या पुटपुटल्या, "एवढं एक परत चिकटव, पुन्हा काही मागणार नाही." आणि देवाची वाट न बघता त्यांनीच ते गोल परत ठेवून पदराने दाबलं. ते चिकटलंही. पण आत एक बुडबुडा राहिला, बरोबर सातच्या आकड्यावर. दाबला तर तो आठवर गेला. आठवरून दाबला तर नऊवर. दहावर पोचला तेव्हा मिलिमीटर अर्ध्या गालाला फेस लावून दारात उभे होते.

"काय करतेस?"

वहिनी आयुष्यात खोटं असं बोलल्या नव्हत्या, आणि आता शिकायला वेळही नव्हता. "तिचं तोंड निघालं हो."

मिलिमीटर धावले. हातमोजे घालायचेही विसरले. भिंग लावलं. बुडबुडा पाहिला. नखाने, स्वतःच्या उघड्या नखाने, ती कड उचलली. धुकं जसंच्या तसं वर आलं आणि त्यांच्या अंगठ्याला चिकटून बसलं.

खाली घड्याळ होतं. लख्ख. तबकडी सायीची, काटे निळे, कडेवर खिडकीचा उजेड असा गोल फिरत होता की वहिनींच्याही तोंडून "अगं बाई" निघालं.

"ओरखडे पडू नयेत म्हणून लावतात," मिलिमीटर खोल आवाजात म्हणाले. "काचेवर. बरोबर मापाने कापलेलं. नव्या चष्म्याच्या भिंगांवरचं तर मीच दिवसातून दहा वेळा काढतो."

"मग घड्याळाचं कसं नाही दिसलं?"

"हातमोज्याला कड लागत नाही गं." ते खुर्चीत बसले. गालावरचा फेस शर्टवर टपकला. "पाठीवरचा कागद काढला, वाटलं झालं. गावाला डोळे देतो मी, आणि मला... पुरे झालं. आज ते डॉक्टर मला कच्चा खातील. सदर गेलं."

वहिनींनी शर्टवरचा फेस पदराने पुसला.  मिलिमीटरांनी हळूच वर पाहिलं.

"किंवा," ते म्हणाले.

"किंवा काय?"

"आपण हे परत नीट चिकटवलं तर? बुडबुडा काढून? फसले तर तेही फसलेत. उद्या घड्याळ परत जाईल. कुणाला कळतंय?"

"देवाला कळलंय."

"देव 'टिकटिक' घेत नाही."

"शोरूमवाले घेतात. ते हे काढूनच विकणार ना?" वहिनी म्हणाल्या. "आणि समजा नाही कळलं कुणाला. पुढच्या महिन्यात लिहायला बसाल तेव्हा हे तुमच्या अंगठ्याला असंच चिकटलेलं असेल."

मिलिमीटरांनी अंगठ्याकडे पाहिलं. धुकं तिथेच होतं. त्यांनी झटकलं, तर ते दुसऱ्या बोटाला लागलं.

सभा वाचनालयाच्या वरच्या खोलीत. बावीसच्या बावीस हजर. वहिनीही गेल्या, कधी जात नसत, पण आज यजमानांचा चेहरा बघून घरी राहवेना. भूगोलसरांनी मतदानाची सूचना मांडायला तोंड उघडलं, तोच मिलिमीटर उठले.

"आधी मला एक सांगायचंय. या घड्याळाला धुकं नाही."

"म्हणजे काका, तुमचं मत बदललं?" डॉक्टर गोड हसले. "अभिनंदन."

"मत नाही बदललं. हे निघालं." मिलिमीटरांनी खिशातून पाकीट काढलं आणि त्यातून ते धुरकट गोल टेबलावर ठेवलं. "धुकं ते हे. मी तीन दिवस आवरणाकडे बघत होतो आणि सुनेला नावं ठेवत होतो. चूक माझी. हातमोजे घालून बघितलं. बायकोने नख लावलं तेव्हा कळलं."

अशी शांतता पसरली की बावीस मनगटांवरची टिकटिक वेगवेगळी ऐकू आली. मग डॉक्टरांची दातखीळ बसली. नंतर भूगोलसरांनी कपाळाला हात लावला.

"अहो, मी संपादकीयात धुक्यावर दोन परिच्छेद लिहिलेत! डोंगरपायथा घातलाय!"

"आणि डॉक्टरांनी त्याचसाठी नाव नोंदवलंय," कुणीतरी मागून म्हणालं.

डॉक्टरांनी घसा साफ केला. "मी... मी म्हणालो होतो ते एकूण भावनेबद्दल." मग टेबलाकडे वाकून, आवाज खाली आणून, "काका, हे तुम्ही टाकून देणार आहात का? नाही म्हणजे, मला खरंच आवडलं होतं."

तेव्हा दुरुस्तीवाले आजोबा हसले. हसता हसता त्यांना ठसका लागला, दोघांनी पाठीवर थोपटलं, वहिनींनी पाणी दिलं. जरा थांबून ते म्हणाले, "साठ वर्षं या गावातली घड्याळं आणि घड्याळवेडे बघतोय. घड्याळं चुकतात हे रोज बघतो. 'मी चुकलो' म्हणणारा सभासद आज पहिल्यांदा बघितला. असा एकच नमुना आहे. तो हातचा घालवू नका."

मतदान झालं. चौदा हात मिलिमीटरांसाठी, सात डॉक्टरांसाठी, आणि एक सभासद झोपले होते. डॉक्टरांनी स्वतःचा हात कुणासाठी वर केला ते नीटसं कळलं नाही. त्या हातात धुकं धरलेलं होतं. वर आजोबांनी एक अट घातली आणि सगळ्यांनी ती टाळ्या वाजवून मान्य केली. यापुढे कुठल्याही घड्याळावर सदर छापण्याआधी त्याला वहिनींचं नख लागलेलं असावं.

"मला कशाला मधे घेता, आजोबा!" वहिनी पदर तोंडाला लावत म्हणाल्या, पण त्यांचा डावा हात आपोआप मागे गेला, नखं लपवायला की जपायला, त्यांनाच कळलं नाही.

"तर मग," भूगोलसर घाईने म्हणाले, "पाचपर्यंत नवा मजकूर. जुना मी फाडतोय. माझाही फाडतोय."

घरी परतताना मिलिमीटर भरभर पुढे चालत होते. वहिनींना वाटलं आनंद झालाय. कोपऱ्यावर आल्यावर ते थांबले.

"आता लिहू काय?"

"जसं आहे तसं."

"अगं, चांगलं आहे ते! सदतीस आहे, चौतीस नाही, पण मनगटावर बसतं. खिडकी नाही. साठ वर्षांनी त्यांनी काढून टाकायची हिंमत केली." त्यांच्या आवाजात खरीखुरी धास्ती होती. "सतरा वर्षांत मी कुठल्या घड्याळाला चांगलं म्हटलं नाही. चांगलं कसं लिहितात मला माहीत नाही."

"मला रोज पहाटे करावं लागतं," वहिनी म्हणाल्या. "पहिली ओळ अवघड जाते. पुढे येतं."

घरी आल्यावर मिलिमीटर टेबलाशी बसले. एक कागद फाडला. दुसरा फाडला. 'नव्या सुनेबद्दल तक्रार नाही,' एवढं लिहून तिसरा फाडला, कारण ते मोजमापाला कमी वाटलं. साडेतीनला खणातले कागद संपले. उरला होता तो फक्त चष्म्यांच्या पावत्यांचा गठ्ठा, आणि पहिली स्तुती पावतीवर लिहायला त्यांचं मन घेईना.

त्यांनी चपला घातल्या आणि जिन्यातून ओरडले, "रेघांचे कागद आणायला दुकानात जातोय गं."

"दोन दस्ते आणा," वहिनी म्हणाल्या.